पाच नंबरचा वळसा

मोबाइल रस्ता सांगायला लागला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा पार्सलच्या गाड्यांना रस्ते आखून द्यायचं काम तिचं. भिंतभर नकाशा, त्यावर टाचण्या आणि रंगीत दोरे. सगळे तिला नकाशाबाई म्हणायचे. एका गल्लीतून गाडीला दोनदा जाऊ देईल तर शपथ!

एका सकाळी पाच नंबर गाडीचा नवा ड्रायव्हर तरातरा आत आला.

"बाई, काल मला पाठवलंत ना, तो रस्ता पायऱ्यांचा आहे."

"नकाशात तर सरळ दिसतो."

"सरळच आहे की. सरळ खाली!"

तिला हसू आवरेना. भांडायला आलेला तो, तिच्याकडे बघता बघता तोही हसला... आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

मग रोज नवी तक्रार.

"तुमच्या दोऱ्यात जेवायला जागाच नाही."

"थांबा की एखाद्या झाडाखाली."

"एकट्यानेच?"

ती नुसती लाल व्हायची. काय दिवस होते ते!

आणि एक दिवस साहेब कडाडले. पाच नंबर डिझेल फार पिते, रोज दुपारी ऑफिसच्या मागून उगाच वळसा घालते. "नकाशाबाईंनी असला रस्ता देणं शक्यच नाही! खासगी भाडी मारतोस? उद्यापासून येऊ नकोस."

तो मान खाली घालून उभा. रोज त्या वळशावर ती खिडकीत दिसायची. वळसा कुणाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने गाडीची किल्ली काढून साहेबांपुढे धरली. ती गप्प बसली तर तिची अब्रू वाचणार होती, पण तो जाणार होता.

"साहेब... तो वळसा मी आखलाय."

"तुम्ही? कशाला?"

"माझ्या खिडकीतून गाडी दिसते म्हणून."

"गाडी?"

"ड्रायव्हर," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "वळसा आजपासून बंद! बाकी तुमचं तुम्ही बघा."

साहेब गेले. तिने पाच नंबरच्या दोऱ्यातला वळसा सोडवला.

"आता घरी येऊन आईला विचार," ती हळूच म्हणाली. "पत्ता देते..."

"नको. रोज संध्याकाळी सायकलने तुझ्या दारावरूनच घरी जातो मी," तो म्हणाला. "लांब पडतं खूप... पण जातो."