ट्रकच्या फळीवरची थाप

हे सांगायला बसलो की माझं डोकं फिरतं, तेव्हा आधीच बजावतो, मध्येच ‘असं कुठं असतं होय’ म्हणून कुणी तोंड घालायचं नाही. ज्याच्यावर बेतलं तो दत्ताराम मेकॅनिक भाकडकथा सांगणारा माणूस नव्हता. उलट भुताचं नाव काढलं तर चार शिव्या हासडणारा. आणि हे घडलं ते काही मध्यरात्री नाही, दुपारचं ऊन डोक्यावर असताना सुरू झालं.

दत्ताराम डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा. लढाई संपल्यावर लष्कराचे जुने ट्रक डिस्पोजलमध्ये विकले गेले, त्यांच्या इंजिनात त्याचा हात मुरलेला. घरात म्हातारी आई राधाबाई आणि धाकटा भाऊ रघू. रघू ट्रकवर क्लीनर होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, गोळीबार झाला, त्या दिवशी हा पोरगा ‘झालाच पाहिजे’ ओरडत चाळीच्या जिन्यावरून उतरला, तो परत आलाच नाही. दत्तारामने इस्पितळं पालथी घातली, चौक्यांवर अपमान गिळले. कुणी म्हणे पळाला असेल, कुणी म्हणे तुरुंगात असेल. मेल्याचीही खबर नाही, जगल्याचीही नाही! राधाबाई एकच म्हणायची, “मला त्याचं तोंड दाखवा. मग रडते.” वर्ष उलटलं, म्हातारी रडली नाही. दत्तारामला दुसरं काही नको होतं. माझा भाऊ कुठे आहे तेवढं सांगा, बस्स. आणि ते सांगायला या एवढ्या मोठ्या शहरात कुणाची जीभ उचलत नव्हती.

अशात एके दिवशी माहीमहून कमलाकांतशेठ स्वतः टॅक्सी करून आले. जुनं घराणं, माहीमला नारळांची वाडी, भाड्याने द्यायला एक जुना ट्रक. पांढरं धोतर, सोन्याची काडी असलेला चष्मा, बोलणं एकदम शुद्ध.

“ट्रक बंद पडलाय दत्ताराम. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. गिऱ्हाईक आलंय, चालू करून दिलास तर विकून मोकळा होईन.”

“माहीमचे मेकॅनिक काय मेले काय शेठ?”

शेठनी चष्मा पुसला. “सगळे येऊन गेले. नारळ फोडून झाला, चाकाखाली लिंबू चिरडून झालं. आता कुणी हात लावत नाही. तुम्ही लोकांनी आता बुद्धाचा धर्म घेतलाय ना… तुम्ही असलं काही मानत नाही म्हणतात. म्हणून म्हटलं…”

दत्तारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी ज्यांना आमची सावली चालत नाही, त्यांना आता आमचा धर्म आठवला! पण काम हे काम. त्याने पाने-पकडींची पिशवी उचलली. “नाही मानत. आणि इंजिनपण मानत नाही. त्याला पेट्रोल लागतं, करंट लागतो आणि दाब लागतो. तीन गोष्टी असल्या की त्याचा बाप चालू होतो.”

वाडीच्या टोकाला, खाडीच्या बाजूला पत्र्याची शेड होती. आत तो ट्रक. हिरवा रंग नुकताच दिलेला, पण घाईघाईने, फळ्यांवर ओघळ तसेच वाळलेले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि शेडमध्ये मात्र ओलसर गारवा. खाडीच्या चिखलाचा वास होता, त्यात आणखी एक गोडसर वास होता. दत्ताराम म्हणाला, “उंदीर मेलाय कुठेतरी.” शेठनी धोतराचा सोगा नाकाला लावला.

जुनं पेट्रोल काढून त्याने नवं भरलं. बॅटरी शेठनी चार्ज करून आणलेलीच होती. “बसा केबिनमध्ये. मी सांगतो तेव्हा सेल्फ मारा.”

“मी… मीच बसायला पाहिजे का?”

“मग काय मी बॉनेटमध्ये डोकं घालून पायाने सेल्फ मारू?”

शेठ कसेबसे चढले. इंजिन घरघर फिरायला लागलं. चांगलं जोरात फिरत होतं, पण पेट घेईना. आणि फिरता फिरता मागून आवाज आला, धप्. एकदाच.

दत्तारामने मान वर केली. मागच्या फाळक्याची, त्या खाली पडणाऱ्या दाराची साखळी सुटून आपटली असेल. मागे जाऊन त्याने साखळी सुतळीने घट्ट बांधली. मागचा हौदा रिकामा होता, धुऊन काढलेला.

मग त्याने प्लग काढून इंजिनाला टेकवला. “मारा!” निळी ठिणगी टचकन पडली. म्हणजे करंट आहे. धप्. कार्बोरेटरची नळी सोडून बघितली, पेट्रोल भसकन आलं. धप्. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला, तर दाबाने अंगठा बाजूला ढकलला गेला. धप्. पॉइंट घासले, पहिल्या सिलिंडरची वेळ जुळवून बघितली, सायलेन्सरमध्ये तार घालून तो मोकळा असल्याची खात्री केली. सगळं जागच्या जागी. मग लागायला काय धाड भरलीय? दरवेळी इंजिन फिरायचं, आता पेट घेईल असं वाटायचं आणि नेमकी तेव्हा मागून ती थाप यायची. थाप आली की इंजिन ढेपाळायचं.

“शेठ, मस्करी करताय काय? मागची फळी का ठोकताय?”

“मी… मी हात मांडीवर ठेवून बसलोय रे.” शेठचा चेहरा मेणासारखा झाला होता. “तू पण ऐकलंस? बाकीचे मेकॅनिक ऐकून पळाले… मला वाटलं, तुला ऐकू येणार नाही.”

“मला काय कान नाहीत? उतरा खाली!”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ट्रकवाल्यांची रीत असते. क्लीनर मागे उभा, पुढे बसलेल्या ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. म्हणून क्लीनरने फळीवर हाताने थाप मारायची. दोन थापा म्हणजे चल. एक थाप म्हणजे थांब, लगेच थांब, कुणीतरी चाकाखाली येतंय. त्या एका थापेला ब्रेक न मारणारा ड्रायव्हर मुंबईत अजून जन्मला नव्हता, निदान दत्तारामला तसं वाटत होतं.

सेल्फ नको, बॅटरी नको, म्हणत त्याने पुढून लोखंडी हँडल घातलं आणि स्वतःच्या हाताने इंजिन फिरवलं. हळूहळू. शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. शेठ दाराशी उभे होते, दत्तारामला ते स्पष्ट दिसत होते, हात छातीशी जुळलेले.

धप्.

आणि इंजिनाची घरघर नसल्यामुळे पहिल्यांदाच त्या थापेच्या मागचा आवाज ऐकू आला. थाप मारलेला तळवा फळीवरून घासत खाली गेला… खर्रर्र…

दत्तारामच्या हातातून हँडल सुटलं.

रघूची खोड होती ती! थाप मारायचा आणि तळवा तसाच फळीवरून घासत न्यायचा. दर दोन दिवसांनी हातात कुसळं. राधाबाई उजेडाला बसून सुईने ती काढायची आणि दत्ताराम ओरडायचा, “अरे माकडा, नुसती थाप मार ना! घासतोस कशाला?” तो नुसता हसायचा. मुंबईतल्या कुठल्याही क्लीनरची थाप तशी नव्हती.

दत्ताराम मागे धावला. हौदा रिकामाच. पण केबिनमागच्या फळीवर, नव्या हिरव्या रंगावर, पाच बोटं उमटून खाली घसरत गेलेली दिसली. रंग खरवडून आतलं लाकूड पांढरं पडलं होतं. ताजं.

त्याने हँडल उचललं आणि शेठच्या अंगावर चालून गेला. ‘शेठ’ आणि ‘तुम्ही’ त्या शेडमध्येच गळून पडलं.

“कमलाकांत! या ट्रकमधून काय नेलंस?”

“काही नाही… नारळ… विटा…”

“काय नेलंस बोल, नाहीतर हे हँडल तुझ्या टाळक्यात घालतो!”

कमलाकांत मटकन खाली बसले. सगळं बाहेर पडलं. गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला एक माणूस आला. नाव सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. ट्रक पाहिजे म्हणाला. ड्रायव्हर पळून गेला, म्हणून कमलाकांत स्वतः चालवायला बसले. मागे ताडपत्री घातली होती. ताडपत्रीखाली काय आहे ते न बघायचंच ठरलं होतं. शीवच्या पलीकडे, खाडीच्या दलदलीत, खाजणात न्यायचं.

“वाटेत… मागून…”

“मागून काय?”

“थाप आली. एक. मी ब्रेकवर पाय ठेवला रे, देवाशप्पथ ठेवला… तो माणूस म्हणाला, गाडी थांबवायची नाही. मग परत आली… मग परत…”

“आणि तू काय केलंस?”

कमलाकांत रडायला लागले. “वेग वाढवला.”

असा राग आयुष्यात एकदाच येतो माणसाला. भाऊ जिवंत होता! ताडपत्रीखाली, रक्तात पडलेला, पण जिवंत. आणि शिकलेल्या कामाप्रमाणे थांब म्हणून सांगत होता. त्याला खात्री होती की थाप मारली की ट्रक थांबतो. दत्तारामने हँडल डोक्यावर उगारलं. मारलं असतं तर मी तरी त्याला दोष दिला नसता. पण याला मारला तर जागा कोण दाखवणार? हँडल त्याने भिंतीवर असं भिरकावलं की पत्रा फाटला.

“ऊठ. बस माझ्या बाजूला. जिथं नेलंस तिथं चल.”

“ट्रक चालू होत नाही दत्ताराम…”

“आता होईल.”

त्याने सेल्फवर पाय ठेवला मात्र, इंजिन एका फटक्यात लागलं. खोकलं नाही, की अडखळलं नाही. वाटेत धारावीच्या रस्त्याला माणसं होती, हातगाड्या होत्या, दिवेलागण होत होती. दत्ताराम कान मागे लावून चालवत होता. एकदाही थाप आली नाही. कमलाकांत बोटाने वळणं दाखवत होते.

खाजणाच्या कडेला रस्ता संपला. पुढे नुसता काळा चिखल, मध्ये मध्ये साचलेलं पाणी, लांबवर शीवचे दिवे. कमलाकांतनी चिखलाकडे हात केला. “इथं… इथंच कुठंतरी.”

दत्तारामने इंजिन बंद केलं. उतरून मागे गेला, सुतळी सोडून फाळका खाली पाडला. चिखलाकडे तोंड करून तो उभा राहिला. बुद्धाला हात जोडणारा, भुताला शिव्या देणारा तो माणूस हमसून हमसून रडला. मग त्याने हाक मारली.

“रघू! अरे रघू! ट्रक थांबवलाय रे… बघ, थांबवलाय. चल घरी. आई वाट बघतेय.”

वारा पडला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग चिखलात पाय रुतून निघाल्याचा आवाज आला… चपक… चपक… तो जवळ आला, दत्तारामच्या बाजूने गेला, आणि ट्रकच्या मागच्या स्प्रिंगची पाटी कुरकुरत थोडी खाली बसली. एक माणूस चढल्यावर बसते ना, तेवढीच. फाळक्यावर ओल्या चिखलाचं पाऊल उमटलं होतं.

दत्तारामला भीती वाटली नाही. “आलास बाबा,” म्हणून त्याने फाळक्याला हात घातला. आता आई रडेल, एकदाची मोकळी होईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

तोच पाटी पुन्हा कुरकुरली. ट्रक आणखी खाली बसला. मग पुन्हा. चिखलातला आवाज आता एका ठिकाणाहून येत नव्हता, समोरून येत होता, डाव्या हाताने येत होता, पार लांबून पाण्यातून येत होता. फाळक्यावर पावलावर पाऊल पडत होतं. त्यात एक पाऊल लहान मुलाचं होतं. घरी चल म्हणून हाक मारली होती त्याने, आणि ती हाक त्या खाजणात सगळ्यांनीच ऐकली होती.

“मला… मला तुमची घरं माहीत नाहीत रे…” दत्ताराम कळवळून म्हणाला.

केबिनच्या दाराला धरून कमलाकांत उभे होते. त्यांची नजर चाकांवर टेकत आलेल्या हौद्यावर खिळली होती. ओठ हलत होते, मोजत असावेत.

“दत्ताराम…” ते पुटपुटले. “उतरवताना मोजले होते मी… आम्ही आणले ते… एवढे नव्हते रे.”

आणि ट्रक अजून दबतच होता.