अकरावं दार

दिवा आहे तसाच राहू दे, मोठा करू नकोस. आणि मधे कोणी बोलायचं नाही. बोललात तर मी उठून झोपायला जाईन, मग बसा रात्रभर विचार करत.

तर आमचे कटरमामा. बोटी तोडायच्या यार्डात गॅसकटर हातात धरून तीस वर्षं काढलेला माणूस. सोळा जानेवारी, गुरुवार. रात्री सव्वाअकराला मामा स्कूटरला गॅसच्या छोट्या टाक्या बांधत होते. मामी दारात येऊन उभ्या.

"आता कुठे?"

"पाना विसरलोय धक्क्यावर."

"पान्यासाठी टाक्या लागतात होय?"

खरं कारण कोणत्या तोंडाने सांगणार? धक्क्याला एक म्हातारी टगबोट लागलेली होती. जन्मभर मोठमोठी जहाजं ओढली बिचारीने. आता पहाटे पाचला तिलाच ओढून नेऊन समुद्राच्या तळाशी बसवणार होते, म्हणजे अंगावर शिंपले, प्रवाळ धरतात आणि मासे घर करतात. त्याआधी तेल, इंजिन, वायरी सगळं काढतात. दारं तर एकूण एक. कारण खाली तपासायला पाणबुड्या आत शिरला आणि पाण्याच्या ओढीने मागे दार लागून बसलं, तर पाठीवरची हवा पुरेल तेवढाच वेळ तो जिवंत. मामा दार कापायचे आणि चौकटीवर खडूने फुली मारायचे. अकरा दारं, अकरा फुल्या, कागदावर खाली सही.

पण अकरावं दार, इंजिनरूमचं, मामांनी कापलंच नव्हतं. तीनदा ज्योत लावली, तीनदा विझली. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, कंबर मोडली होती. मामांनी फुली मारली आणि सरळ घर गाठलं.

रात्री जेवताना जावई म्हणाला, "बाबा, ती बोट बसली की खाली पहिला मीच उतरणार. इंजिनरूमपासून सुरुवात." एकुलत्या एका लेकीचा नवरा, आणि पेशाने पाणबुड्या. मामांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठले.

बोटीवर चिटपाखरू नव्हतं. मामा बॅटरी घेऊन खाली उतरले. इंजिनरूमचं दार समोर. त्याच दारामागे बावीस वर्षांपूर्वी इंजिनचं तेलपाणी बघणारा खलाशी गेला होता. आग लागली, दार तापून चौकटीत घट्ट बसलं. तो आतून पान्याने ठोकत राहिला. बाहेरच्यांना शेवटपर्यंत ऐकू येत होतं. धक्क्यावर सगळ्यांना हे ठाऊक होतं. दिवसा त्याचं काही वाटत नाही.

मामांनी ज्योत लावली. या वेळी विझली नाही. वरची बिजागरी तुटली.

टक्.

मामा थांबले. पाणी आपटतंय, मनाशी म्हणाले. खालच्या बिजागरीला ज्योत लावली.

टक्... टक्...

आतून. लोखंडावर लोखंड.

"कोण आहे?"

...

"दादा," मामा म्हणाले. "माझी चूक झाली. पण माझा जावई येईल खाली. माझ्या लेकीचा संसार आहे. त्याला... त्याला अडवू नका."

मग एकदाच.

टक्.

बिजागरी तुटली. दार बाहेर कोसळलं. आत इंजिन नव्हतं. महिन्यापूर्वीच काढलेलं. नुसता काळोख. आणि त्यातून तोंडावर गरम हवा आली. इंजिन दिवसभर चालल्यावर येते तशी.

मामांनी आत पाहिलं नाही. दार ओढत ओढत धक्क्यावर आणलं, बाकीच्या दहांवर टाकलं, आणि घरी येऊन उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहिले.

चौथ्या दिवशी जावई खाली उतरला. संध्याकाळी घरी आला तो बूटही न काढता बसून राहिला.

"बाबा, इंजिनरूमचं दार राहिलं होतं."

"मी कापलंय."

"बंद होतं. मी खांदा लावून ढकललं. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं... हलेच ना. मी चिडलो, पुन्हा ढकललं. आणि पलीकडे काहीतरी कोसळलं. अख्खी बोट हादरली. बाजूच्या भोकातून पाहिलं, तर इंजिनरूमचं छत सगळं आत बसलेलं." तो थांबला. "मी आत असतो तर..."

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मामांनी स्कूटर काढली. थेट धक्का. ढिगातली दारं मोजली. अकरा. सगळ्यात वर तेच, कापलेल्या बिजागऱ्यांचं. थंडी मी म्हणत होती, बाकीच्या लोखंडाला हात लावला तर बोटं बधिर होत होती. मामांनी त्या दाराची कडी धरली.

गरम. कोणीतरी घट्ट धरून नुकतीच सोडावी, तशी.

अडवू नका, म्हणाले होते मामा. त्या खलाशाने ऐकलं नाही. आता त्याने पोराला वाचवलं, की आपल्या जागेत पाऊल ठेवू दिलं नाही, ते मला विचारू नका.

पुढे तो ढीग भंगारात गेला. तेवढं एक दार उचलायला कोणी तयार होईना, ते तिथेच आहे. हसतोस काय रे? मागच्याच आठवड्यात मी स्वतः हात लावून आलोय.

कडी अजून गरम आहे.