भरलेलं पिंप

"भाऊजी, नळ पुन्हा गेला," तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

तळमजल्यावरच्या निवृत्त फौजदारांनी चपला अडकवल्या. बायको गेल्यापासून त्यांनाही कशाचं काही वाटेनासं झालं होतं. तपास म्हटला की पाय मात्र आपोआप उचलत.

इमारत पाडून नवी बांधायची होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, अडली होती ती वहिनींची. घर त्यांच्या एकटीच्या नावावर, आणि त्यांना ते सोडायचं नव्हतं. महिनाभर पाणीही फक्त त्यांचंच जात होतं.

संशय सोसायटीच्या चेअरमनवर होता. ते गच्चीवरच भेटले.

"इथली किल्ली तुमच्याकडेच ना?"

"प्रत्येक घरात एकेक आहे. गच्ची सगळ्यांच्या मालकीची, साहेब."

"वहिनींचा व्हॉल्व्ह उघडा बरं."

टाकीखाली एकसारख्या चाकांची रांग होती, एकावरही नंबर नव्हता. चेअरमननी एक फिरवून पाहिलं, दुसरं पाहिलं. दोन्ही उघडीच. शेवटी त्यांनी हात टेकले. "प्लंबरलाही पत्ता लागत नाही. त्यांची जोडणी त्यांच्या यजमानांनी घरच्या घरी केली होती."

"बंद करणाऱ्यानं चुकून कधी दुसऱ्याचं पाणी तोडलं?"

"एकदाही नाही."

फौजदार खाली उतरले. वहिनींच्या स्वयंपाकघरात त्यांचा मुलगा बसला होता. कोपऱ्यातलं पिंप काठोकाठ भरलेलं.

"हे कोण भरतं, वहिनी?"

"हाच. भाड्याच्या घरातून एवढ्या लांब येतो. पाणी जायच्या आदल्या संध्याकाळी नेमकं सुचतं त्याला."

मुलानं मान खाली घातली.

फौजदार खुर्ची ओढून बसले. "तुझ्या बाबांनी जोडणी केली तेव्हा पाना धरायला तू होतास. मी पाहिलंय. म्हणून हात कधी चुकला नाही. किल्ली या घरातली. पिंप भरलंस, कारण आईनं सही करायला हवी होती, तहानेनं तळमळायला नको होतं. चेअरमननी पिंप भरून दिलं असतं का रे?"

"नव्या घरात आम्ही सगळे मावलो असतो, काका," तो कसाबसा म्हणाला.

"पाणी तोडून घेतलेली संमती कोर्टात एक दिवसही टिकली नसती. आणि पाणी तोडणं हा गुन्हा आहे, मग तोडणारा पोटचा असला तरी."

वहिनी भिंतीकडे बघत होत्या. "मला पहिल्या पिंपापासूनच कळलं होतं."

"मग मला कशाला बोलावत होतात?"

"वाटलं, तुम्ही तरी दुसऱ्या कुणाचं नाव सांगाल."

फौजदारांना कित्येक महिन्यांनी काहीतरी वाटलं. फार वाईट वाटलं.

वहिनी मुलाकडे वळल्या. आवाज तसाच सपाट. "जा, पाणी सोड. सही मी करणार नाही. गच्चीची किल्ली त्या खुंटीला लाव."

तो उठला.

"आणि या घराचीही."