आत किती?

"बाबा, तुम्ही बोगद्यात हाक मारता आणि आतून खरंच कोणी ओ दिली तर?"

हा प्रश्न माझा नव्हता, चिंगीचा होता. आमच्या वर्गाच्या खिडकीतून समोरची टेकडी दिसते आणि रोज सकाळी तिच्या पलीकडून कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. भोंगा झाला की माझे बाबा बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून ओरडतात, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. "तुझे बाबा भुतांची हजेरी घेतात का गं?" असं चिंगीने विचारलं आणि मागचा अख्खा बाक खिदळला. मग ती म्हणाली, "विचार ना त्यांना, भुताने 'हजर' म्हटलं तर काय करता. की फाटली?"

मागच्या वर्षीची मी असते तर खरंच फाटली असती. तेव्हा मी हजेरीला इतक्या हळू 'हजर' म्हणायचे की बाई माझी गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. पण या वर्षी काय झालं कोण जाणे, वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले, तोंड उघडलं आणि सभागृहाच्या शेवटच्या पंख्यापर्यंत आवाज गेला. तेव्हापासून बाबा मला भोंगा म्हणतात. मला ते जाम आवडतं.

तर मी विचारलं. बाबा चहात बिस्किट बुडवत होते.

"ओ आली तर पट्टा फिरत नाही," ते म्हणाले.

"पण आत कोणीच नसेल तर?"

"कोणीच नसेल तर ओ कशी येईल? काहीतरीच."

"इथे मी घसा फोडून हाका मारते तेव्हा नाही बरं ओ येत," आई म्हणाली.

बिस्किट चहात पडलं. विषय संपला असं बाबांना वाटलं असावं, पण मला सगळं बघायचंच होतं. शनिवारी अर्धी शाळा असते. मी इतका हट्ट धरला की बाबांनी साहेबांची परवानगी काढली आणि शाळा सुटल्यावर मी गणवेशातच कारखान्यात पोचले.

बाबा तिथे पट्ट्याचे सुपरवायझर आहेत. टेकडीच्या एका बाजूला खाण आहे आणि दुसऱ्या बाजूला भट्टी. खाणीतला दगड क्रशरमध्ये फुटतो आणि रबराच्या एका लांबच लांब पट्ट्यावरून, टेकडीच्या पोटातल्या बोगद्यातून, भट्टीपर्यंत येतो. पट्ट्याखाली हजारो रोलर फिरत असतात. दोन्ही बाजूंनी दोरी जाते, ती कुठेही ओढली की पट्टा थांबतो. पट्टा सुरू करायचं बटण मात्र कंट्रोल रूममध्ये असतं आणि तिथे बसते माझी आई. म्हणजे बाबा वॉकीटॉकीवर 'सुरू कर' म्हणणार आणि आई बटण दाबणार. आई ज्यांचं मुकाट्याने ऐकते असे बाबांचे तेवढे दोनच शब्द, असं बाबाच म्हणतात.

त्या दिवशी पट्टा सकाळपासून बंद होता, कारण आत रोलर बदलायचं काम चाललं होतं. बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी खांबावर मोठा स्विच होता आणि त्याला फिटरकाकांचं लाल कुलूप लटकत होतं.

"आत जाणारा प्रत्येक जण इथे आपलं कुलूप लावतो," बाबांनी मला दाखवलं. "किल्ली स्वतःच्या खिशात. एक जरी कुलूप लागलेलं असलं ना, तरी तुझ्या आईने बटणावर हातोडा मारला तरी पट्टा हलणार नाही. ज्याची किल्ली त्याचं कुलूप. ज्याचं कुलूप, तो आत. दुसऱ्याच्या कुलपाला आम्ही हात लावत नाही."

"मग हाक कशाला?"

"माणूस कुलूप लावायला विसरतो. ओ द्यायला विसरत नाही."

फिटरकाका हात पुसत बाहेर आले. त्यांनी आपलं कुलूप काढलं, किल्लीसकट बाजूच्या पेटीत टाकलं. भोंगा वाजला. इतक्या जवळून तो कानात नाही, दातांत वाजतो. तो थांबल्यावर बोगद्यातून गार हवेचा झोत आला, ओल्या दगडाचा आणि जळक्या रबराचा वास घेऊन. बाबांनी वॉकीटॉकी चालू ठेवला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडले,

"आत कितीऽऽ?"

हाक आत गेली. लहान होत होत विरली. बाबांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

आणि आतून उत्तर आलं. आधी काहीतरी तुटक, वाऱ्याने फाटल्यासारखं. आणि मागोमाग स्पष्ट, खणखणीत,

"तिघं!"

फिटरकाका माझ्याकडे वळले. "ए पोरी, इथे चेष्टा करायची नाही हं."

माझं तोंड बंद होतं. बाबा माझ्याकडेच बघत होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं होतं. त्यांच्या हातातल्या वॉकीटॉकीमधून आईचा आवाज आला, "अहो, भोंगाला सांगा, मध्येच ओरडू नकोस म्हणावं. सुरू करू का?"

"नको," बाबा म्हणाले. "बटणाला हात लावू नकोस."

तो आवाज माझा होता. ध्वनिमुद्रणात आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो ना, तसाही नाही. अगदी माझा. सभागृहाच्या शेवटच्या पंख्यापर्यंत जाणारा.

फिटरकाका कुलूप लावून आत गेले, पलीकडच्या टोकापर्यंत शोधून आले आणि कुलूप परत काढलं. आत कोणी नव्हतं. दोन्ही तोंडांशी माणसं होती, कोणी बाहेर पडलेलंही नव्हतं. तेवढ्यात मॅनेजर साहेब जीपने आले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाबांना बाजूला नेलं. पण कारखान्यातली माणसं हळू बोलूच शकत नाहीत.

"भट्टीला संध्याकाळपर्यंतचा माल आहे. ती एकदा गार झाली तर वर मी काय सांगू? सुपरवायझरच्या मुलीने गंमत केली?"

"ती ओरडली नाही, साहेब."

"मग कोण ओरडलं?"

 बाबा माझ्यापाशी आले, गुडघ्यावर बसले. मी पहिलीत असताना बसायचे तसे.

"भोंगा, खरं सांग. रागावणार नाही मी. तू ओरडलीस?"

"नाही, बाबा."

 "बरं," बाबा म्हणाले आणि उठले. "साहेब, मी स्वतः एकदा बघून येतो. मग सुरू करू."

फिटरकाकांना त्यांनी पलीकडच्या तोंडाशी पाठवलं. मला वाटलं, मला साहेबांच्या जीपमध्ये बसवतील. पण बाबा बोगद्याकडे बघत म्हणाले, "तू माझ्याबरोबर चल. तुला इथे एकटीला ठेवायचं नाही मला."

त्यांनी पेटीतून नंबर घातलेली दोन कुलपं काढली. आपलं लावलं. दुसरं मी लावलं आणि किल्ली स्कर्टच्या खिशात टाकली. हेल्मेट डोळ्यांवर येत होतं. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला मजा वाटतेय, आणि ते थोडंसं खरंही होतं. सोमवारी चिंगीचं तोंड कसं होईल, हे मी मनात रंगवत होते.

आत एका बाजूला पट्टा आणि दुसऱ्या बाजूला चालायची चिंचोळी वाट. पट्टा थांबलेला होता, तरी त्याच्यावरचे बारीक खडे मधूनच घरंगळायचे. छतातून पाणी ठिबकत होतं. बाबा रोलरमागून रोलर बॅटरीचा झोत टाकत चालले होते, पट्ट्याखाली, पट्ट्यापलीकडे. मागचं तोंड आधी खिडकीएवढं दिसत होतं, नंतर नाण्याएवढं झालं.

"कोणी नाहीये गं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "वारा असतो कधीकधी. चल, परत फिरू."

तेव्हा मागून, तोंडाकडून, हाक आली.

"आत कितीऽऽ?"

मी हसत बाबांकडे वळले. म्हटलं, काय हो, ओरडता काय कानात?

बाबांचे ओठ मिटलेले होते.

बॅटरी त्यांच्या हातात उलटी झाली होती आणि उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वतःची हाक ऐकत होते.

हाक आमच्या जवळून पुढे गेली. लहान होत होत विरली.

त्यांनी माझा हात धरला. इतका घट्ट की बोटं दुखली. हाक आली की ओ द्यायची असते. ती दिली नाही तर पट्टा सुरू होतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

म्हणून मी ओरडले. छाती भरून घेतली आणि होता नव्हता तो सगळा आवाज लावला.

"दोघं!"

आणि पट्ट्याच्या पलीकडून, हाताच्या अंतरावरून, मला कोणीतरी दुरुस्त केलं.

"तिघं!"

माझ्याच आवाजात.

बाबांनी झोत फिरवला. पट्टा. रोलर. ओली भिंत.

पलीकडची दोरी हलत होती. नुकतीच कोणीतरी हातातून सोडावी, तशी.

आम्ही पळालो नाही. पळता येण्याइतकी वाटच नव्हती तिथे. बाबांनी मला पुढे घातलं आणि ते माझ्या मागून, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून चालत राहिले.  

बाहेर ऊन होतं. साहेब जीपला टेकून फोनवर बोलत होते. आम्हाला बघून त्यांनी फोन खाली घेतला. आमच्या मागे बोगद्याकडे पाहिलं. वाट बघितल्यासारखं.

"दुसरी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"दुसरी कोण?"

"दुसरी मुलगी. तुमच्या मागोमाग गेली ना ती? हाच गणवेश. हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून मी हाकही मारली. वळलीच नाही." बाबांचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, बहीण असेल. स्वतःच पेटीतून कुलूप काढलं, लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गेली. इतक्या सराईतपणे, की रोजचंच काम असावं."

मी एकुलती एक आहे.

आम्ही तिघांनीही स्विचकडे बघितलं. बाबांनी आपलं कुलूप काढलं. मी माझं काढलं, किल्लीसकट पेटीत टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज मला अजून आठवतो.

स्विचवर एक कुलूप उरलं.

मग सगळा कारखाना आत शिरला. दिवे, शिड्या, दोन्ही बाजूंनी माणसं. पट्ट्याखालचं इंचन् इंच पाहिलं. आतून फिटरकाकांचा तुटका दात असलेला जुना पाना तेवढा मिळाला. साहेब स्वतः शेवटपर्यंत आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाला घामाचे पट्टे उठले होते. बाबांना जाताना एवढं म्हणाले, "मी जे पाहिलं ते पाहिलं. पण आत कोणी नाही, हेही आपण पाहिलंय. भट्टी जेमतेम धुगधुगत ठेवलीय. उद्या सकाळी कुलूप कापायचं, आणि कापा म्हणून तुम्ही सांगायचं. तुम्हाला जमणार नसेल तर तुमच्या जागेवर जो येईल तो सांगेल. तुमचं घर कंपनीचं आहे, विसरू नका."

आम्ही घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने चहा ठेवला आणि तो उकळून उकळून काळा होईपर्यंत कोणी उठलं नाही. टेबलावर बाबांनी कुलूप कापायची कात्री ठेवली होती. कारखान्यातून आणलेली, हाताएवढी लांब.

"आत कोणी नाही," बाबा तिसऱ्यांदा म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय."

"ओ आली म्हणजे कोणीतरी असतं, असं तुम्हीच म्हणता," आई म्हणाली. "मी बटण कसं दाबू? तो हिचा आवाज होता हो. माझ्या कानाला कळतो माझ्या पोरीचा आवाज."

"पोरगी ही इथे बसलीय ना तुझ्यासमोर!"

आई माझ्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

मी गणवेश बदलायला उठले. कपडे धुवायला टाकायच्या आधी आई खिसे बघायला लावते, म्हणून सवयीने हात घातला. दगडाची पूड लागली. ओली. आणि तिच्यात काहीतरी गार.

माझी किल्ली मी पेटीत टाकली होती. आवाज आठवतोय मला.

मी बाहेर आले आणि मूठ टेबलावर, कात्रीच्या शेजारी उघडली. बाबांनी किल्लीकडे पाहिलं. तिचा नंबर त्यांनी वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळपर्यंत ते ज्या कुलपासमोर उभे होते, त्याचाच नंबर होता तो.

"कुठे मिळाली?" आईने विचारलं.

मी खुर्ची ओढून बसले. माझा आवाज अजिबात कापला नाही. मलाच नवल वाटलं.

"माझ्या खिशात. आणि ज्याची किल्ली, तो आत. म्हणून मी ठरवलंय. आई, तू बटण दाबायचं नाहीस. बाबा, तुम्ही कुलूप कापायचं नाही. घर गेलं तर जाऊ दे. मी अजून बाहेर आलेले नाही."