खरं बोलणाऱ्याचा लेथ

संघप्रियानं शेवटी सयाजीशी लग्न केलं आणि सोबत सहा फुटी लेथही घरी आणला.

हे वाक्य चुकून वर आलंय. तुम्ही ते वाचलेलं नाही. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या भिजट दुपारी असलं काही कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बंद वर्कशॉपच्या दारात संघप्रिया छत्री झटकत उभी होती, आणि तिला फक्त एक जुना, परवडणारा लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, पाहिजे होता.

आयटीआयची टर्नर, वर्गात पहिली. पण कारखान्याच्या मालकानं तीन वर्षं तिच्या हातात कानसच दिली होती. "लेथ गडी बघतील, तू कडा घास." आता एका फाउंड्रीनं दोनशे पितळी बुशांचं काम तिला तोंडी कबूल केलं होतं. अट एकच, महिनाअखेरीला स्वतःचं मशीन पाहिजे. मंगळवार पेठेत घरामागं पत्र्याची शेड तयार होती. मशीन मिळालं नाही, तर पुन्हा कानस.

"या पावणं!" आतून आवाज आला. मागोमाग एक चेहरा आला आणि दारात बाई बघून गडबडला. "म्हंजे... या की."

हा सयाजी. लेथ त्याच्या वारलेल्या मामांचा.

"आधीच सांगतो," तो म्हणाला, "चकाजवळ बेड घासलाय. एक गियर कुरकुरतोय. आन् रंग मी परवाच मारलाय, गंज झाकायला."

संघप्रिया दचकली. जुन्या मशीनच्या बाजारात माणूस आपणहून खरं बोलतो, म्हणजे यापेक्षा मोठं काहीतरी दडवतो.

"चोरीचा हाय?"

"न्हाय."

"ह्याच्यावर कोण मेलंय?"

"मामा मेले. पर दवाखान्यात."

"मग खरं कशापायी बोलताय?"

"खोटं लक्षात ऱ्हात न्हाय माझ्या."

त्यानं तिचं नाव विचारलं. आडनाव विचारलंच नाही. कोल्हापुरात! तिचा संशय दुप्पट झाला.

तिनं चकात, म्हणजे मशीनच्या फिरत्या जबड्यात, गज धरून कापून बघितला, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावला. फरक त्यानं सांगितला तिथंच, घासलेल्या बाजूलाच निघाला. हे तर फारच वाईट. ती सोमवारी पुन्हा मोजायला आली. मग गुरुवारी. पाचव्या खेपेला मशीनवर मोजायचं काही उरलं नाही, तेव्हा तिनं खिडकी मोजली. सयाजीनं टेपचं दुसरं टोक धरलं. पत्र्यावर पाऊस असा काही तडतडत होता, की बोलायची सोयच नव्हती... टेप मात्र बराच वेळ ताणलेला राहिला.

"किती भरली?" पाऊस थांबल्यावर त्यानं विचारलं.

तिनं आकडा बघितलाच नव्हता.

महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा तिनं आण्णांना, म्हणजे आपल्या रिटायर टर्नर काकांना सोबत घेतलं. सयाजीला शनिवार सांगितला आणि मुद्दाम शुक्रवारी गेली. संशयाची हीच रीत.

आण्णांनी बटण दाबलं. खडाड-खडाड-खडाड!

"ह्यो लेथ न्हवं, खडी फोडायचं मशीन हाय," आण्णा म्हणाले. "चल पोरी."

"थांबा की!" सयाजी पांढराफटक. "तुमी... उद्या येणार हुता न्हवं?"

संघप्रियानं मशीन बंद केलं, गियरचं झाकण काढलं. आत दोऱ्याला एक मोठा नट टांगलेला. गियर फिरला, की नट झाकणावर आपटायचा.

"हे काय?"

"नट."

"ते दिसतंय. कशाला?"

"सकाळी इचलकरंजीचं गिऱ्हाईक आलतं. त्याच्याआधी चार आलती. सगळ्यास्नी ह्योच ऐकवला." त्यानं मान खाली घातली. "मशीन गेलं, तर तुमी कशाला याल?"

"मग मलाच विकायचं!"

"तुमी मागितलंच न्हाय की. नुसतं मोजताय." त्यानं लोंबता नट चिमटीत धरला. "आन् तुमाला विकलं, तरी... तुमी कशाला याल?"

आण्णा एकदम बाहेर पाऊस बघायला गेले. पाऊस नव्हता.

संघप्रियानं दोरा तोडला आणि बटण दाबलं. लेथ फिरू लागला. फक्त एक गियर कुरकुरत होता, सांगितला होता तोच.

"माझा अजून इश्वास न्हाय," ती म्हणाली.

"बरोबर हाय."

"वापरून बघावं लागंल. मशीन आन्... सगळंच."

सयाजीचे कान लाल झाले. ती तिथंच खोक्यावर बसली, पर्समधून शेडसाठी आणलेला उद्योग नोंदणीचा फॉर्म काढला आणि 'इतर मागणी' या रकान्यात, अगदी कचेरीला शोभेल अशा अक्षरात, लिहिलं:

"सदर लेथ जुना असल्याने श्री. सयाजी यांची नोंद यंत्राचा न सुटणारा भाग म्हणून करावी. त्यांच्या खरेपणाची दर सोमवारी व गुरुवारी तपासणी करण्याचे अधिकार अर्जदारास द्यावेत, आणि त्यांच्या हमीची मुदत शासनाने तहहयात ठरवून तसे सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावे, ही नम्र विनंती."