जिवतीच्या मांडीवरलं लेकरू

आमच्या थोरल्या सुनेला, रतनबाईला, किती वेळा सांगितलं की खळ शिजवली की पातेल्यात लगेच पाणी घालावं. ऐकेल तर शपथ. बेलापूरला माहेरी पंचमी करून तिसगावला परतली आणि दुसऱ्याच सकाळी पातेलं मोरीत, पीठ वाळून दगड झालेलं. मी हात लावला नाही. बोलणार, तेवढ्यात देवघरातून धाकटी सून विजयमाला किंचाळली.

श्रावणातला दुसरा शुक्रवार. भिंतीवरचा जिवतीचा कागद पहिल्या शुक्रवारी मीच चिकटवला होता, गेल्या सालचा उरलेला. मधे लेकुरवाळी जिवती, खाली हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. त्या दिवशी विजयमालाच्या भीमानं गुळाचा फुटाणा वाघाच्या तोंडाला चोळला होता आणि माझा धपाटा खाल्ला होता.

आज जिवतीच्या मांडीवरल्या लेकराच्या तोंडभर पांढरे ठिपके होते. देवीच्या फोडांसारखे. समईची ज्योत हलली की फुगल्यागत दिसत.

विजयमालाची पहिली मुलगी याच घरात देवीनं गेली. तिच्या पाळण्याची कडी अजून तुळईला आहे. वारा नसताना कडी कुरकुरली, असं विजयमाला म्हणाली. मी म्हणाले, मला नाही ऐकू आली.

"आत्याबाई, भीमाला न्हाई नेत मी राजूरला. हितंच ऱ्हाऊ द्या." रविवारी ती पोराला घेऊन नवऱ्याकडं, राजूरच्या शाळेवर जाणार होती. बांधलेलं गाठोडं सोडून रडत बसली.

मी पदर खोचला. माझ्या घरात देवीला बोलायचं असेल तर मला विचारून बोलेल.

"कसर लागली आसंल, वैनी," माझे दीर आबासाहेब म्हणाले. अंगानं बैल, डोक्यानंही.

मी कागद काढून खिडकीच्या उजेडात धरला. भोक नाही. खरवडल्याची खूण नाही.

"शाई गेली न्हाई, भावजी. तिथं लागलीच न्हाई."

भीमा 'वाघ, वाघ' करत धावला. वाघ कोरा करकरीत, मिश्या ताठ करून बसलेला.

"तुलाच राजूरच्या डोंगरात जायचं नसंल," मी विजयमालाला म्हणाले. तिनं असं पाहिलं की मीच नजर खाली घातली.

रतननं तोवर भीमाला कडेवर घेतलं होतं. "मी तर काल सांजंला आले, आत्याबाई. देवीची खूण हाय ही. पोराला उंबऱ्याभाईर काढू नका."

तिच्या पेटीकडं मुंग्यांची रांग लागली होती. माहेरचे लाडू असणार, आणि आम्हाला दाखवलेसुद्धा नाहीत.

भावजींना तो कागद देऊन बेलापूरला, छापणाऱ्या फक्रुद्दीनकडं धाडलं. शनिवारी सांजंला आले.

"जुन्या लाकडी ठशाला औंदा कीड लागलीय म्हनं. किडीचं भोक पडलं तिथं शाई उठत न्हाई. लाजंनं त्यानं औंदाचे कागद बेलापुराभाईर धाडलेच न्हाईत. मग आपल्याकडं कसा आला?"

"तेच तर, भावजी."

सगळ्यांना देवघरात बसवलं.

"गेल्या साली ठसा शाबूत हुता, म्हंजे आपल्या कागदावर फोड उठायचे न्हाईत. कागदच बदलला. हा औंदाचा, बेलापूरचा. बेलापुराहून कोन आलं? आल्या रातीला कागद डकवायची खळ कुनी शिजवली? जुन्या कागदावरलं बघून हळदकुंकू लावलंस, रतन. पर वाघाच्या तोंडाला भीमानं गूळ फासलाय, हे तुला कुठनं ठावं असनार? तू तवा माहेरी. आता ते लाडू दाव."

पेटीत लाडू नव्हतेच. लुगड्याच्या घडीत आमचा जुना कागद, वाघाच्या तोंडाला मुंग्या डसलेल्या.

"फाडवंना, आत्याबाई," रतन म्हणाली. "त्यावर लेकरू हाय." मग कडीकडं बोट केलं. "ती पोरगी माज्याच मांडीवर गेली. भीमा झोपंत मलाच आई म्हनतो. त्यो बी गेला, तर ह्या घरात मी आन् ही कडी."

वर कडी कुरकुरली. कुणी वर पाहिलं नाही.

"ऐक, रतन," मी म्हणाले. "गेलेल्या पोरीचं मरन तू तिच्या आईच्या डोळ्यापुढं पुन्हा उभं केलंस. ह्याला माफी न्हाई. उद्या भीमाला तूच न्हाऊ घाल, काजळ लाव, आन् यष्टीत त्याच्या आईच्या मांडीवर तुज्या हातानं ठिव. रडायचं ते यष्टी हलल्यावर. आन् घरी आलीस की आधी ते पातेलं घास."