पायल : हजर

चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालेल्या एसटीत भूपेश मांडीवर मॉनिटर घेऊन बसला होता. मूलच्या स्टँडवर गाडी थांबली आणि ओल्या ओढणीनं कपाळ पुसत एक मुलगी त्याच्या शेजारी येऊन टेकली. तिनं एकदा खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"टीव्ही घेतला का जी नवा?"

"नाही... कॉम्प्युटर आहे. मच्छीमार संघाच्या ऑफिसात बसवायचाय."

"मंग सांभाळून धरा. तो माह्याच टेबलावर येऊन राह्यला."

ती पायल. तिचे वडील तलावात जाळं टाकायचे. खुर्चीवर बसून करायची नोकरी त्या घरात पहिल्यांदाच आली होती. साल २००५.

दोन्ही जिल्ह्यांतल्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांच्या नोंदींसाठी भूपेशनं एक प्रोग्राम लिहिला होता. कोणत्या तलावात किती मत्स्यबीज सोडलं, किती मासळी निघाली, सगळं ब्राउझरमध्ये भरायचं. गडचिरोलीहून पायल भरणार, चिमूरहून श्रीहरी, आणि चंद्रपूरच्या मुख्य यंत्रापाशी भूपेश. माणसं तीनच. पण फोनची लाइन तासाला चारदा तुटायची, आणि तुटली की पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड.

"साहेब, तुमचं मशीन मले दर घडीले नाव विचारते," पायलचा फोन आला. "माणसं एकदाच विचारतात."

त्या तक्रारीनं भूपेश इतका सुखावला, की त्याच संध्याकाळी त्यानं नियम करून टाकला : एकदा आत आलेला माणूस रात्री बारापर्यंत आतच धरायचा, लाइन असो वा नसो. तक्रार संपली. फोन मात्र येत राहिले... कधी कामासाठी, कधी उगाच.

आणि मग नोव्हेंबरात ती यादी त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली.

पडद्याच्या कोपऱ्यात आपल्याखेरीज कोण आत आहे ते दिसायचं, आणि आतल्यांना एकमेकांना निरोप लिहिता यायचे. एका मंगळवारी, ऑफिसं साडेपाचला बंद होऊनही, सात वाजता तिथे दोन नावं होती. पायल : हजर. श्रीहरी : हजर. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. भूपेश चहाला जाऊन आला, नावं जागची हललेली नव्हती. काय बोलत असतील इतका वेळ? श्रीहरी उंच होता, गोड बोलायचा, भजनात गायचा. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यानं शिंगाडे सोलून पायलपुढे ठेवले होते, आणि तिनं ते खाल्लेही होते. सगळे. भूपेशनं मोजले नव्हते, पण पाहिले होते.

पंधरवडा असा जळण्यात गेला. मग तिचा फोन आला.

"येत्या रविवारी श्रीहरीचे मामा घरी येऊन राह्यले."

कालपरवापर्यंत ती त्याला श्रीहरीभाऊ म्हणायची.

"कशाला?"

"मले पाहाले. हो म्हणू का नाई?"

"तुमचं दोघांचं ठरलंच असेल की," भूपेश म्हणाला. "काम काय होतं?"

फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यानं गडचिरोलीची गाडी धरली. पोचला तेव्हा पायल कुलूप लावत होती.

"आज लवकर?"

"रोज याच टायमाले निघते."

"खोटं. रोज सातपर्यंत बसता तुम्ही दोघं. मी पाहतो."

"कुठी पाहता?"

त्यानं कुलूप उघडायला लावलं, स्वतःच्या नावानं आत शिरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. दोन्ही नावं हजर होती.

पायलनं पडद्याकडे पाहिलं. "मी तं इथी उभी आहो. मंग तिथी कोण बसली त्याच्यासंगं?"

भूपेश हळूच म्हणाला, "तू बंद कसं करतेस हे?"

"वरती फुली आहे, तिच्यावर टिचकी मारली का खिडकी बंद. श्रीहरीबी तसंच करते."

"लॉगआउट नाही करत?"

"तुमी सांगलं कधी?"

नव्हतं सांगितलं. खिडकी मिटली तर मुख्य यंत्राला कळतच नाही. ते बिचारं बारापर्यंत वाट पाहतं, माणूस आहे समजून. तो नियम त्यानंच केला होता, तोही हिच्यासाठी.

"म्हणजे रोज सातपर्यंत आमाले पाहत बसत होते," पायल म्हणाली. "काऊन जी?"

"दुरुस्त करतो," म्हणत त्यानं खुर्ची ओढली.

उघड्या पानानं दर मिनिटाला मुख्य यंत्राला आपण असल्याचं कळवायचं. दहा मिनिटं काहीच आलं नाही, तर माणूस गेला समजून नाव पुसायचं. दहा अशासाठी, की लाइन पाच-सात मिनिटं तर सहज जाते. त्यानं ते लिहिलं, मुख्य यंत्रावर चढवलं. पायल तिच्या नावानं आत आली, फुली मारली. भूपेशनं यादी उघडली.

"आता दहा मिनिटं थांबायचं."

"थांबू." तिनं स्टूल जवळ घेतलं. "तवरक सांगा, काऊन पाहत होते. नाव गेलं का मी चालली."

तीन मिनिटं भूपेश चष्माच पुसत राहिला. पाचव्या मिनिटाला म्हणाला, "श्रीहरी चांगला माणूस आहे."

"आहेच. मंग?"

"त्याच्या नावाजवळ तुझं नाव... मला बघवत नव्हतं."

"आन् अजून?"

"रविवारी मामांना येऊ देऊ नकोस."

"मंग कोणाले येऊ देऊ?"

सातवं मिनिट गेलं. आठवं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"माझ्या आईला," भूपेश म्हणाला, "...आणि मला."

पडद्यावरचं पायलचं नाव गेलं. जुन्या नियमानं आत आलेला श्रीहरी बारापर्यंत एकटाच हजर राहणार होता. भूपेशला मान वळवायचा धीर होईना. वळवली, तर ती स्टुलावरच होती, फोन स्वतःकडे ओढत. श्रीहरीच्या घरचा नंबर तिनं वहीत न पाहताच फिरवला, आणि ते भूपेशच्या नजरेतून सुटलं नाही.

"तोंड नोका पाडू जी. मामाले येऊ नोका, एवढंच सांगते." रिसीव्हरवर तळहात ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या घरचा नंबर तं मले कवाचा पाठ आहे. लावला नाई कधी, इतकंच."